लाईट गेली की गेम नीट चालतो : जुना आईस हॉकी गेम सुसाट पळत असेल तर

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा आणि माझा प्रॉब्लेम एकच आहे का ते कळेल. २००५ च्या आधीचा आईस हॉकीचा गेम, नवीन लॅपटॉपवर टाकलाय, चालू होतो, चित्र बरं दिसतं, आवाज येतो, पण प्लेयर असे पळतात की मागे कुत्रं लागलंय. पक (हॉकीतली रबरी चकती) दिसायच्या आत गोल. कॉमेंट्रीवाला बिचारा आधीच्या गोलचं कौतुक करत असतो तोवर इकडे पुढचा फेसऑफ (दोघांच्या मधे पक टाकून खेळ परत सुरू करतात तो) होऊन गेलेला असतो. आणि सगळ्यात वैताग म्हणजे हे रोज होत नाही, एखाद दिवशी गेम अगदी शहाण्यासारखा चालतो, तुम्ही खूश होता, झोपता, दुसऱ्या दिवशी परत तेच. असं असेल तर पुढे वाचा. गेम चालूच होत नसेल तर ते दुखणं वेगळं, त्याबद्दल खाली दोन ओळी आहेत.

गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे त्या काळातल्या कुठल्याही गेमला होऊ शकतं आणि मला कोणाला शिव्या घालायच्या नाहीत, वीस वर्षांपूर्वीच्या गेमने आजच्या स्क्रीनचा विचार करायला हवा होता असं म्हणणं म्हणजे आजोबांना रील का बनवता येत नाही विचारण्यासारखं.

तर झालं असं. आम्ही ठाण्याचे, वर्तकनगर. २००४ च्या मे महिन्यात टोरोंटोचे काका आले ते ही डिस्क घेऊन. मला आणि ताईला क्रिकेटचा गेम हवा होता, काका म्हणाले तिकडे पोरं हेच खेळतात, घ्या. बर्फ आम्ही फक्त रसवंतीत बघितलेला, पण त्या सुट्टीत दोघांना असा नाद लागला की आई जेवायला हाका मारून मारून दमायची. ताईची टीम अटलांटा थ्रॅशर्स, कारण लोगोतला पक्षी आवडला, बाकी काही कारण नाही. माझी टीम पिट्सबर्ग, कारण त्यांचा स्टार प्लेयर मारिओ लेमिउ. ती अटलांटाची टीम आता नाहीच, २०११ मध्ये विनिपेगला गेली आणि जेट्स झाली. हे ताईला मी अजून सांगितलं नव्हतं, या वेळी सांगितलं तर पाच मिनिटं बोलली नाही.

यंदा मे महिन्यात भाचा राहायला आला, वय ९. सोसायटीच्या पोडियमवर स्केटिंगचा क्लास लावलाय म्हणून चाकं पायात घालूनच घरभर फिरतो. म्हटलं याला खरं स्केटिंग दाखवू. माळ्यावरून डिस्क काढली, नौपाड्यातून यूएसबीचा डीव्हीडी ड्राईव्ह आणला कारण आता लॅपटॉपला ड्राईव्हच नसतो, आणि बसलो.

(डिस्क चालूच होत नसेल त्यांच्यासाठी इथेच सांगून टाकतो. त्या काळातल्या बऱ्याच डिस्कना कॉपी करता येऊ नये म्हणून एक संरक्षण असायचं, सेफडिस्क नावाचं, त्याला विंडोजमध्ये एक ड्रायव्हर लागायचा. विंडोज १० मध्ये तो ड्रायव्हर नाहीच, आणि जुन्या विंडोजवरही २०१५ मध्ये सिक्युरिटी अपडेटने तो बंद केला. तुमची डिस्क त्यातली असेल तर कंपॅटिबिलिटी मोड वगैरे करत बसू नका, घरात जुना एक्सपीवाला डेस्कटॉप पडला असेल तर इंटरनेटची वायर काढून त्याच्यावर खेळा, सरळ मार्ग तोच. माझी डिस्क नशिबाने त्या भानगडीतली नव्हती.)

पहिल्या दिवशी टेबलावर बसून इन्स्टॉल केला, चालू केला, आणि वर लिहिलं तसं. पिरियड (मॅचचा एक भाग) पाच मिनिटांचा ठेवला होता तो दोन मिनिटांत खलास. भाचा म्हणाला मामा हा गेम फास्ट फॉरवर्डवर आहे का. म्हटलं थांब, अनइन्स्टॉल करून परत टाकतो. परत टाकला, जेवलो, जेवण झाल्यावर सोफ्यावर आडवा होऊन लावला तर एकदम मस्त. झालं, म्हटलं इन्स्टॉल नीट झालं नव्हतं.

दोन दिवसांनी परत फास्ट. मग कंपॅटिबिलिटी मोड, एक्सपी सर्व्हिस पॅक ३, रात्री पलंगावर टेस्ट केला, मस्त. सकाळी टेबलावर भाच्याला लावून दिला तर परत कुत्रं मागे. मग कुठेतरी ऐकलेलं आठवलं की जुन्या गेमना खूप सारे कोअर झेपत नाहीत, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये जाऊन, डिटेल्समध्ये गेमवर राईट क्लिक, सेट अॅफिनिटी, एक सीपीयू सोडून बाकी सगळ्यांचे टिक काढले. चालला! दुसऱ्या दिवशी नाही चालला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवीन टाकला. चालला. संध्याकाळी नाही. ड्रायव्हर जुना टाकला. चालला.

म्हणजे बघा, माझ्याकडे पाच उपाय होते आणि पाचही "लागू पडले" होते. आमच्या शेजारचे काका गुडघेदुखीवर असेच चार तेलं लावतात.

शेवटी भाच्याने सोडवलं. मे महिना, दुपारचे दोन, एसी सगळ्या बिल्डिंगचे चालू, आणि लाईट गेली. आमच्याकडे जनरेटर फक्त लिफ्टला आणि पाण्याच्या पंपाला. पंखा बंद, राऊटर बंद, मी ऑफिसच्या कॉलमधून बाहेर फेकला गेलो आणि वारा घालायला वर्तमानपत्र शोधतोय, आणि हा पठ्ठ्या टेबलावर खेळतोच आहे, लॅपटॉपला बॅटरी आहे ना. आतून ओरडला, "मामा, अरे बघ, नीट झाला!" मी गेलो, बघितलं, खरंच नीट. त्याने काही दाबलंय का विचारलं तर नाही म्हणाला. वीस मिनिटांनी लाईट आली, पंखा फिरला, लॅपटॉपवर चार्जिंगची खूण उमटली, स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली आणि सगळे प्लेयर सुटले वाऱ्यासारखे. भाच्याने सरळ चार्जरची पिन उपटली. नीट. लावली. फास्ट. उपटली. नीट. माझ्याकडे बघून म्हणाला, "लाईट गेली की बरोबर चालतो." एवढं बोलून पुढे खेळायला लागला, जणू काही विशेष नाही.

मी तीन आठवडे ज्याच्या मागे होतो ते हे. टेबलाजवळ प्लग आहे म्हणून टेबलावर फास्ट, सोफ्यावर आणि पलंगावर बॅटरीवर म्हणून नीट. कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणतात तसं. मी दर वेळी काहीतरी बदलायचो, आणि कंटाळून आडवा होऊन टेस्ट करायचो, आणि श्रेय जायचं त्या बदलाला.

कारण काय ते आता सांगतो. हल्लीच्या बऱ्याच गेमिंग लॅपटॉपची स्क्रीन १४४ हर्ट्झची असते, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलते. बॅटरी वाचावी म्हणून चार्जर काढला की कित्येक लॅपटॉप गुपचूप ६० वर येतात, चार्जर लावला की परत १४४. तुम्हाला ते जाणवतही नाही, फार तर स्क्रीन एकदा लुकलुकते. जुना गेम काय करतो, व्ही-सिंक नावाची सेटिंग चालू असेल तर स्क्रीनच्या प्रत्येक फेरीला एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, काढतो. इथपर्यंत ठीक. पण त्या काळातल्या काही गेममध्ये प्लेयर किती पुढे सरकला, पक किती घरंगळला, घड्याळ किती पुढे गेलं हा सगळा हिशेब फ्रेमवर चालतो, सेकंदावर नाही. ६० फ्रेम म्हणजे एक सेकंद असं गृहीत धरलेलं. मग १४४ फ्रेम झाल्या की गेमला वाटतं २.४ सेकंद झाले. म्हणून सगळं अडीचपटीच्या जरा कमी वेगाने पळतं. आवाजाच्या फाईल मात्र आपल्या नेहमीच्या चालीने वाजतात, म्हणून कॉमेंट्री मागे पडते. कॉमेंट्री मागे पडणं हीच या दुखण्याची खरी खूण आहे, प्रोसेसर कमी पडत असता तर उलटं झालं असतं, चित्र रखडलं असतं.

खात्री करायची असेल तर मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या. पिरियड पाच मिनिटांचा ठेवा. माझ्या गेममध्ये स्क्रीनवरचं घड्याळ मात्र २० मिनिटांचंच दिसतं, खऱ्या हॉकीत पिरियड २० मिनिटांचा असतो म्हणून, आणि ते चौपट पळतं. म्हणजे मधे शिट्टी न होता गेमच्या घड्याळातलं एक मिनिट खरं तर १५ सेकंदांत जायला हवं. १५ लागले तर तुमचा गेम ठणठणीत. साडेसात लागले तर स्क्रीन १२० वर आहे, सव्वासहा लागले तर १४४, साडेपाचच्या आसपास असेल तर १६५. मी माझं मोजलं, सव्वासहा. डॉक्टरने रिपोर्ट हातात दिल्यावर बरं वाटतं ना, आजार काही का असेना, तसं वाटलं.

आता उपाय. सगळ्यात सोपा म्हणजे स्क्रीनच ६० वर आणणे. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेट, ६० निवडा. लगेच चालतं. पण हा उपाय टिकत नाही, कारण लॅपटॉपबरोबर जे सॉफ्टवेअर येतं ते चार्जर काढून लावला की परत १४४ करतं. म्हणजे ठाण्यात उन्हाळ्यात दिवसातून दोनदा तरी. त्या सॉफ्टवेअरमध्ये हे आपोआप बदलणं बंद करायचा पर्याय बहुतेक असतो, शोधा, मला माझ्यात तिसऱ्या पानावर सापडला. पण मग बाकी सगळं काम, नवीन गेम, सगळं ६० वर, तर पैसे देऊन १४४ ची स्क्रीन घेतली कशाला.

आणि हो, काही लोक सांगतील व्ही-सिंक बंद कर. अजिबात करू नका. व्ही-सिंक हा निदान १४४ वर तरी अडवून धरतोय, तो काढलात तर हा जुना हलका गेम आजच्या कार्डवर तीनशे-चारशे फ्रेम सहज काढेल आणि पहिला पिरियड तुम्ही पाणी प्यायला उठलात तेवढ्यात संपेल. मी केलं होतं. १-० हरलो, कोणी गोल मारला दिसलंच नाही.

पक्का उपाय म्हणजे फ्रेमला टोपी घालणे, ६० च्या वर जायचंच नाही, स्क्रीन कितीवर का असेना. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज, प्रोग्रॅम सेटिंग्ज, गेमची फाईल निवडा, मॅक्स फ्रेम रेट ६०. ही सोय जानेवारी २०२० पासूनच्या ड्रायव्हरमध्ये आहे. मी हे केलं आणि काही फरक पडला नाही, आणि इथे माझा आणखी एक रविवार गेला. फरक का पडला नाही, तर लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स दोन असतात, एक प्रोसेसरमधलं साधं आणि एक वेगळं ताकदीचं, आणि जुना गेम बघून विंडोज त्याला साध्यावरच चालवतं. सेटिंग मी करतोय एका कार्डाची आणि गेम चाललाय दुसऱ्यावर, म्हणजे बिल भरतोय शेजाऱ्याचं आणि लाईट का येत नाही म्हणून विचारतोय. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन गेमची फाईल अॅड करा आणि हाय परफॉर्मन्स निवडा, मग ती टोपी बसते. हे नको असेल तर रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात गेमची फाईल अॅड करून फ्रेमरेट लिमिट ६० टाका, त्याला कार्ड कुठलं याच्याशी देणंघेणं नाही.

मी शेवटी ज्याच्यावर स्थिरावलो ते मात्र तिसरंच, डीजीव्हूडू २. नाव विचित्र आहे पण चीज भारी आहे. जुना गेम ज्या जुन्या डायरेक्टएक्सच्या भाषेत बोलतो ते आजच्या कार्डाला समजेल अशा नव्या डायरेक्टएक्समध्ये तो भाषांतर करून देतो, दुभाष्या म्हणा. त्याच्या झिपमध्ये एमएस नावाचं फोल्डर, त्यात एक्स८६, तिथल्या डीएलएल फाईल उचलायच्या आणि गेमची मुख्य फाईल जिथे आहे तिथे टाकायच्या. गेम डायरेक्टएक्स ८ चा की ९ चा माहीत नसेल तर दोन्ही टाका, जी लागत नाही ती नुसती पडून राहते. त्याची कॉन्फ फाईलही त्याच फोल्डरमध्ये ठेवायची, नोटपॅडमध्ये उघडून एफपीएस लिमिटची ओळ शोधायची, शून्य असेल तिथे ६० लिहायचं, सेव्ह. कोपऱ्यात त्याचा शिक्का दिसतो तो त्याच्या कंट्रोल पॅनेलमधून, डायरेक्टएक्सच्या टॅबमध्ये वॉटरमार्कचा टिक काढून घालवायचा. बोनस म्हणजे ८०० बाय ६०० चं चित्र पूर्ण स्क्रीनच्या बारकाईने रंगवता येतं, बर्फावर स्केटचे ओरखडे उमटतात ते मला वीस वर्षांत पहिल्यांदा दिसले.

इथे एक खड्डा आहे त्यात मी पडलो, तुम्ही पडू नका. गेम प्रोग्रॅम फाईल्समध्ये टाकला असेल तर तिथल्या कॉन्फमध्ये केलेला बदल कधी दिसतो कधी दिसत नाही. व्हिस्टापासून विंडोज त्या फोल्डरमध्ये जुन्या प्रोग्रॅमना सरळ लिहू देत नाही, लिहिलेलं गुपचूप व्हर्च्युअल स्टोअर नावाच्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये नेऊन ठेवतं, आणि तुम्ही एकदा अॅडमिन म्हणून चालवलंत आणि एकदा साधं, की दोन वेगळ्या प्रती तयार. सीझन अर्ध्यावर होता तो गायब झाला असं वाटतं ते यानेच. सी ड्राईव्हवर गेम्स नावाचं फोल्डर करा आणि सगळं तिथे टाका, विषय संपला.

६० ची टोपी घातल्यावरही पक जरा अडखळत सरकल्यासारखा वाटला तर तो गेमचा दोष नाही, साधं गणित आहे. १४४ ला ६० ने भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम स्क्रीनवर दोन फेऱ्या थांबते, पुढची तीन, असं लंगडत चालतं. स्क्रीन १२० वर ठेवली की प्रत्येक फ्रेम बरोबर दोन फेऱ्या, एकदम लोण्यासारखं. तुमच्या यादीत १२० असेल तर तो घ्या. भाच्याला फरक कळला नाही, मला कळला, म्हणजे मला वाटलं की कळला.

गेमपॅडचं थोडक्यात. नवीन पॅड जुन्या गेमला लावला की मागचे दोन्ही ट्रिगर त्याला एकाच अॅक्सिसवर दिसतात, एक दाबला तर प्लस, दुसरा दाबला तर मायनस, दोन्ही एकदम दाबले तर काहीच नाही. म्हणून ट्रिगरला कुठलंही बटण देऊ नका, वरची बंपर बटणं वापरा, पास आणि शॉट साध्या बटणांवर.

आता वेग बरोबर झाला, पॅड बरोबर झाला, आणि भाचा आला तक्रार घेऊन, "मामा, अजून बिघडलेलाच आहे, मी पास दिला की शिट्टी वाजते." मी बघितलं. हा आपल्या गोलकीपरजवळून लांबच्या लांब पास मारतोय, पुढे एकटा उभ्या असलेल्या प्लेयरला, आणि दर वेळी शिट्टी. हा बिघाड नाही, हा इतिहास आहे. २००५ च्या आधी एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या मोठ्या हॉकी लीगमध्ये, दोन लाईनचा पास चालायचा नाही. आपल्या भागातून, म्हणजे आपल्या ब्लू लाईनच्या मागून मारलेला पास ब्लू लाईन आणि मधली रेड लाईन दोन्ही ओलांडून आपल्याच माणसाला मिळाला की ऑफसाईड, फेसऑफ परत मागे. टीम्स मग मधल्या पट्ट्यात जाळं लावून बसायच्या, न्यू जर्सी त्यात पक्की, मागे गोलला मार्टिन ब्रॉड्यूर उभा, आणि मॅचेस १-० आणि २-१. २००४-०५ चा अख्खा सीझन मालक-प्लेयरच्या भांडणात रद्द झाला, आणि २००५-०६ ला परत सुरू झाला तेव्हा हा नियम काढून टाकला, बरोबरी पण काढली, शूटआऊट आणलं. आपला गेम त्या आधीचा, म्हणून तो अजून शिट्टी मारतोय. ज्याने आजचं हॉकी मोबाईलवर बघितलंय त्याला हे बिघाडच वाटणार.

बंद करायचं असेल तर नियमांच्या सेटिंगमध्ये टू लाईन पास असा पर्याय असतो का बघा, माझ्यात आहे. पण माझं ऐकाल तर चालू ठेवा. तो नियम असला की तुम्हाला पक रेड लाईनपर्यंत हाताने न्यावा लागतो, छोटे छोटे पास द्यावे लागतात, आणि मगच गोल मारायची मजा. बंद केला की नुसती लांब फेकाफेक, गल्लीत टेनिस बॉलवर सगळे सिक्सच मारायला बघतात तसं. भाच्याने बंद केला. त्याचं म्हणणं, ज्या नियमाला त्यांनीच काढून टाकलं तो मी का पाळू. उत्तर नव्हतं.

ओव्हेचकिन कुठे आहे असंही विचारलं त्याने. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याने एनएचएलमधला ग्रेट्झकीचा सगळ्यात जास्त, ८९४ गोलचा रेकॉर्ड मोडला, ते याने कुठेतरी बघितलं होतं. म्हटलं बाळा, या गेममध्ये तो अजून आलेलाच नाही. मग आपल्याकडे खेळतात का, हा पुढचा प्रश्न. म्हटलं खेळतात की, लडाखला, लेहच्या आसपास तळी गोठली की पोरं-पोरी उतरतात, आणि आपल्या बायकांच्या टीमने २०२५ मध्ये आशिया कपला ब्राँझ आणलं. "तलावपाळी का नाही गोठत?" याचंही उत्तर नव्हतं.

इथवर लिहून मी पोस्ट संपवणार होतो. पण भाच्याला न्यायला ताई आली आणि सगळ्या निदानावर पाणी पडलं, म्हणजे अर्धं. मी अभिमानाने लावून दिला, ६० फ्रेम, १२० ची स्क्रीन, घड्याळाचं मिनिट बरोबर १५ सेकंदांत. ताईने अटलांटा घेतली, दोन मिनिटं खेळली आणि म्हणाली, "हळू आहे रे हा." म्हटलं हाच खरा वेग आहे, मोजून केलाय. म्हणाली, "असेल, पण आपला असा नव्हता. आपला पळायचा." मी वाद घातला, स्टॉपवॉच दाखवलं, ती म्हणाली घड्याळ दाखवू नकोस, माझ्या अंगठ्याला माहितीये. आणि खरं सांगू, मलाही तसंच वाटत होतं, पासवर सरळ शॉट मारायचा असतो ना त्याचं टायमिंग माझं रोज चुकत होतं, मी बटण आधीच दाबायचो. म्हटलं वय झालं.

आई तिथेच भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "तो जुना टीव्हीसारखा मॉनिटर होता ना, त्याने माझं डोकं दुखायचं, मग बाबांनी त्याचं ते काहीतरी ८५ करून दिलं होतं. तेव्हापासून बरं वाटायला लागलं."

८५! सीआरटी मॉनिटर ६० हर्ट्झवर ठेवला की तो लुकलुकायचा आणि त्याने डोकी दुखायची, म्हणून लोक ७५ किंवा ८५ करायचे. तेव्हा घरी विंडोज ९८ होती. म्हणजे आमचा गेम २००४ मध्येच फास्ट चालत होता, ८५ भागिले ६०, जवळजवळ १.४ पट! पुढे एक्सपी आली, आणि विंडोज २००० आणि एक्सपीवर गेम फुलस्क्रीन झाला की रिफ्रेश रेट बऱ्याचदा आपोआप ६० वर यायचा, आणि मला लख्ख आठवतंय तेव्हा आम्ही दोघं म्हणालो होतो की गेम स्लो झाला, आणि दोष दिला १२८ एमबी रॅमला, आणि बाबांच्या मागे लागून रॅम वाढवून घेतली, आणि ती वाढवून काहीच झालं नाही म्हणून हळूहळू खेळणं सुटलं. बाबांचे पैसे गेले ते वेगळेच.

त्याच बैठकीत कॉन्फ उघडली, ६० खोडून ८५ लिहिलं. स्टॉपवॉच लावलं, गेमच्या घड्याळाचं मिनिट साडेदहा सेकंदांत. लावला तर पहिल्याच पासवर माझा अंगठा बरोबर वेळेला पडला, गोल, आणि मी असा ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या.

तर आता माझ्याकडे गेमची दोन फोल्डर आहेत, दोन्हीत डीजीव्हूडूच्या वेगळ्या कॉन्फ, डेस्कटॉपवर दोन शॉर्टकट, एकाचं नाव "बरोबर" आणि एकाचं "आपला". तुमचा गेम ६० वर आणूनही हात चुकत असेल तर घरात विचारा मॉनिटर कितीवर होता, ७५ असेल तर ७५ लिहून बघा. ८५ ची टोपी घालायची असेल तर स्क्रीन मात्र १२० किंवा १४४ वर हवी, ६० च्या स्क्रीनवर व्ही-सिंक त्याला ६० वरच धरून ठेवेल, म्हणजे लाईट गेली की ताईचा गेम परत स्लो. काल संध्याकाळी तिसऱ्या पिरियडला नेमकं तेच झालं. ती ३-२ ने मागे होती, त्यामुळे ती मॅच मोजायची नाही म्हणते.